तीन मिनिटांची बासरी

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवरवर न चढता परत आलेली बाई म्हणून ऑफिसात माझी पुरेशी चेष्टा करून झाली आहे. खरं सांगायचं तर टॉवर दिसला, दुरून दोनदा दिसला. पण मागच्या ऑक्टोबरात तिथे मिळालेला एकुलता एक मोकळा दिवस मी एका बासरीच्या मागे घालवला. तीही अशी बासरी, की वाजायला लागल्यापासून संपेपर्यंत जेमतेम तीन मिनिटं लागतात.

त्याचं असं झालं. माझे बाबा इंदूरला असतात. रेल्वेची नोकरी आणि बासरी या दोन गोष्टींत त्यांचं आयुष्य गेलं. मोठ्या मैफली वगैरे नाहीत. गणेशोत्सव, ओळखीच्यांकडचं भजन आणि ड्यूटी नसेल त्या पहाटे गच्चीवर रियाज, एवढंच. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि फुंकून वाजवायचं आता बंद असं सांगितलं. बासऱ्या गवसणीत गेल्या, गवसणी कपाटावर गेली. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आईच एकदा म्हणाली, "पहाटे उठतात अजून. गच्चीवर जातात आणि नुसते बसून येतात."

कामासाठी मला पॅरिसला जायचंय म्हटल्यावर फोनवर म्हणाले, "बेटा, तिकडे नुसत्या बासरीची एक चीज आहे. सोबत काही म्हणजे काही नाही. रेडिओवर एकदा ऐकली होती, नाव राहून गेलं. तानपुरा नाही, ठेका नाही, तर तो माणूस सा धरतो कुठला? एवढं विचारून ये."

विचारणार कुणाला? नाव शोधायला वेळ लागला नाही, 'सिरिंक्स'. रचनाकार क्लोद देबुसी, साल १९१३. पाश्चात्त्य संगीतात आज एकट्या बासरीसाठी जे काही नवं लिहिलं जातं, त्याची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. पण देबुसी १९१८ सालीच गेला. त्याचं जन्माचं घर मात्र पॅरिसच्या पश्चिमेला सां-जर्मेन-आं-ले नावाच्या गावात अजून उभं आहे. म्हटलं, निदान घराला विचारू.

पावाची गल्ली, नंबर ३८

शहरातून लोकल थेट जाते. आपल्या चर्चगेटहून बोरिवलीला जावं तशी माणसं पेपर वाचत, डुलक्या काढत बसलेली असतात. या मार्गाचा इतिहास बाबांसाठी मुद्दाम वाचून ठेवला होता. पॅरिसहून प्रवाशांसाठी पहिली रेल्वे निघाली ती १८३७ साली, याच दिशेने. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या आधी सोळा वर्षं. पण ती टेकडीच्या पायथ्याला ल पेक गावात थांबायची, पुढचा चढ इंजिनाला झेपत नव्हता. मग १८४७ साली तेवढ्या चढावर एक अजब युक्ती केली. रुळांच्या मधे लोखंडी नळी टाकली, नळीतली हवा पंपाने ओढून घेतली आणि त्या दाबावर गाडी वर चढवली. पुढे १८६० साली जोरकस इंजिनं आली आणि ती नळी निकालात निघाली. नळी आणि हवा! बासरीच्या गावाला जायला याहून चांगला रस्ता कुठला असणार?

स्टेशनातून सरकत्या जिन्याने वर आलं की समोर राजवाडाच उभा राहतो. चौदावा लुई याच गावात १६३८ साली जन्मला. राजवाड्यात आता पुराणवस्तुसंग्रहालय आहे. बाजूला बाग आणि बागेच्या कडेने दरीच्या काठावर सरळसोट गच्चीसारखा रस्ता, सुमारे दोन किलोमीटर लांब. बगिच्यांचा मोठा कारागीर ल नोत्र याने तो सतराव्या शतकात बांधवला. खाली सीन नदीचं वळण आणि पलीकडे धुक्यात पॅरिस. टॉवर पहिल्यांदा दिसला तो इथून, काडेपेटीतल्या काडीएवढा.

घर गावाच्या मध्यात आहे. गल्लीचं नाव 'रू ओ पँ', म्हणजे पावाची गल्ली. आपल्याकडच्या तेली गल्ली, तांबट आळीसारखंच. १८६२ सालच्या २२ ऑगस्टला या ३८ नंबरच्या घरात देबुसी जन्मला तेव्हा आईबापांचं खाली चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकान चाललं नाही. पोर दोन-तीन वर्षांचं असतानाच कुटुंबाने गाव सोडलं. म्हणजे या घराची त्याला स्वतःला आठवणसुद्धा नसणार. मी सकाळीच पोचले, तर दार बंद. संग्रहालय दुपारी उघडतं हे आधी पाहायचं राहिलं होतं. चूक माझीच. मग त्या लांबलचक गच्चीवर परत जाऊन बाकावर बसले, कानाला हेडफोन लावले आणि 'सिरिंक्स' ऐकलं. तीनदा.

पहिल्यांदा ऐकताना वाटलं, हे अर्ध्यातूनच सुरू झालंय. बासरी वरच्या एका स्वरावर येते, क्षणभर तोलते आणि वेटोळं घेत खाली उतरते. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकेक करत, एकही न गाळता घसरत याव्यात तशी. पुन्हा वर जाते, पुन्हा तेच वेटोळं. मग गप्प. त्या गप्पपणात मागे काहीच नाही. आपल्याकडे गायक थांबला तरी तानपुरा चालू असतो, घरात कुणीतरी आहे असं वाटत राहतं. इथे बासरी थांबली की घर रिकामं होतं. पहिल्या वेळी मला ते अंगावर आलं. तिसऱ्या वेळी मात्र त्या रिकाम्या जागांची वाट पाहायला लागले.

दुपारी दार उघडलं. आतल्या चौकातून जुना लाकडी जिना वर जातो. खोल्या लहान. पत्रं, छायाचित्रं, लिहिण्याच्या टेबलावरच्या वस्तू. त्यात एक लाकडी बेडूक आहे. देबुसी त्याला 'आर्केल' म्हणायचा. त्याच्याच ऑपेरातल्या म्हाताऱ्या राजाचं हे नाव. कागदावर ठेवायचं वजन म्हणून ठेवलेला हा बेडूक तो प्रवासातही बरोबर न्यायचा म्हणे. अवघ्या जगाच्या संगीताला वळण देणाऱ्या माणसाच्या घरी मला सर्वांत जास्त जवळचा वाटला तो हा बेडूकच.

बोरूच्या बेटातला उसासा

देबुसीचं संगीत पुस्तकांतून उगवायचं. बोदलेर, व्हर्लेन यांच्या कवितांना त्याने चाली दिल्या. मालार्मे या कवीच्या घरी दर मंगळवारी साहित्यिकांचा अड्डा भरायचा, तिथे त्याची ये-जा होती. मालार्मेची एक दीर्घ कविता आहे. दुपारच्या उन्हात सुस्तावलेला, अर्धा माणूस अर्धा बोकड असा एक वनदेव आणि त्याची बोरूची बासरी. तिच्यावरून देबुसीने वाद्यवृंदाची रचना केली आणि ती सुरू केली ती एकट्या बासरीवर. २२ डिसेंबर १८९४ रोजी पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा बासरी होती जॉर्ज बारेर या अठरा वर्षांच्या पोराच्या हाती. लोकांनी ती तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. कवितेला संगीत चिकटवण्याच्या कल्पनेवर कवी आधी नाराज होता, पण ऐकल्यावर तोही खूश झाला.

'सिरिंक्स' हे त्याचंच धाकटं भावंड, पण जन्म फार वेगळा. गाब्रिएल मूरे नावाच्या कवी-नाटककाराशी देबुसीची जुनी दोस्ती होती. दोघांनी मिळून काही करायचे बेत वर्षानुवर्षं व्हायचे आणि हवेत विरायचे. १९१३ साली मूरेचं 'सिशे' हे काव्यनाटक एका श्रीमंत घरच्या खासगी रंगमंचावर व्हायचं होतं आणि त्याचं संगीत देबुसी करणार होता. नाटकात एक प्रसंग आहे. पॅन, तोच बोकडाच्या पायांचा रानदेव, आडोशामागे शेवटची बासरी वाजवतो आणि मरतो. रंगमंचावर दोन वनकन्या आहेत. त्यांतली एक त्याला घाबरणारी, पण बासरी ऐकता ऐकता तिचं मन पालटतं.

पॅनच्या बासरीची कथा आहे लॅटिन कवी ओविडच्या ग्रंथात. पॅन सिरिंक्स नावाच्या वनकन्येच्या मागे लागतो. ती पळत नदीकाठी येते, पुढे वाट नाही. ती नदीतल्या बहिणींना हाक मारते, मला वाचवा. पॅन मिठी मारतो तर हातात बोरूचं बेट! तो उसासा टाकतो आणि तो वारा बोरूतून घुमतो. तो आवाज त्याला इतका भावतो, की लहानमोठे बोरू कापून, मेणाने सांधून तो बासरी करतो. या बासरीलाही नाव मिळालं सिरिंक्स. डॉक्टरांकडची सिरिंज मूळची याच ग्रीक शब्दातून आली. सिरिंक्स म्हणजे नळी.

आपण बासरी म्हटलं की वृंदावन, यमुना, गोपी असं सगळं आनंदाचं डोळ्यांपुढे आणतो. ग्रीकांची बासरी पळून गेलेल्या मुलीची आहे. वाजवणाऱ्याच्या हाती ती आहे आणि नाहीही. बाई म्हणून मला ती कथा वाचताना पॅनचा रागच आला, हेही सांगून टाकते. पण देबुसीने पाठलाग नाही लिहिला, त्याने उसासा लिहिला.

अडचण हीच होती, की तो लिहायचा कसा. नाटक १ डिसेंबरला, आणि १७ नोव्हेंबरला तो मूरेला पत्र लिहून कळवतो, की मला अजून हवं ते सापडलेलं नाही. त्याचं कारणही देतो. क्षितिजावर गाणाऱ्या बासरीत पहिल्या क्षणापासूनच भाव उतरलेला असला पाहिजे, हळूहळू रंग भरायला तिथे वेळच नाही. वादक पडद्याआड, सोबतीला वाद्य नाही, पुढे नटांचे संवाद. कितीतरी स्वरवाक्यं करून पाहतो आणि टाकून देतो. शेवटी सबंध नाटकाचं संगीत बाजूलाच राहिलं, झाला तो एवढा एक तुकडा. मित्राला दिलेला शब्द अर्धामुर्धाच पाळला गेला म्हणायचा.

तेव्हाचे त्याचे दिवसही काही बरे नव्हते. कर्ज डोक्याशी आलेलं, कर्करोगाची दुखणी १९०९ पासून मागे लागलेली. त्याच डिसेंबरात पैशांसाठी त्याला थंडीत रशियाचा दौरा करावा लागला.

पडद्याआडचा माणूस

संध्याकाळी पॅरिसला परतले ती एत्वाल स्टेशनावर उतरून चालत फॉश अव्हेन्यूवर गेले. देबुसी १९०५ पासून अखेरपर्यंत इथल्या एका आतल्या गल्लीत राहिला. 'सिरिंक्स'च्या वेळीही पत्ता हाच होता. गल्ली खासगी, फाटक लोखंडी. आत जाता येत नाही. शहराभोवती फिरणारी रेल्वे इथून जवळूनच जायची आणि त्या आवाजाने तो वैतागायचा. फाटकाबाहेर दहा मिनिटं उभी राहिले, तेवढ्यात दोन मोटारी, एक कुत्रा आणि त्या कुत्र्याची मालकीण एवढेच आत गेले. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते काही फार प्रेमाने नाही.

पण हा तुकडा जगला तो देबुसीमुळे नव्हे, असं मला वाटतं. जगला तो पडद्याआड वाजवणाऱ्या लुई फ्लरी या बासरीवादकामुळे. नाटक विसरलं गेलं. हस्तलिखित फ्लरीपाशी राहिलं आणि तो मैफलींतून ही रचना वाजवत राहिला, ती जवळजवळ त्याची एकट्याची असल्यासारखी. १९२६ साली तो गेला आणि १९२७ साली ती पहिल्यांदा छापली गेली. 'पॅनची बासरी' हे मूळ नाव देबुसीच्या आधीच्या एका गाण्याला होतं, म्हणून नवं नाव दिलं 'सिरिंक्स'. पुढे १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये एक जुनं हस्तलिखित उजेडात आलं. त्यात स्वरांच्या मधेमधे नाटकातल्या ओळी लिहिलेल्या आहेत. आपण जिथे नुसता विराम ऐकतो, तिथे त्या रात्री कुणीतरी बोलत होतं!

फ्लरीच्या नशिबात आणखी एक गंमत होती. आल्बेर रूसेल हा दुसरा फ्रेंच संगीतकार, आधी नौदलात होता. १९०९ साली तो बायकोबरोबर हिंदुस्थानात हिंडला. आपल्या वेरूळच्या लेण्यांवरून, जयपूरवरून आणि काशीवरून त्याने वाद्यवृंदासाठी रचना केल्या. १९२४ साली त्याने साहित्यातल्या आणि पुराणातल्या चार बासरीवाल्यांवर चार तुकडे लिहिले, बासरी आणि पियानोसाठी. पहिला पॅन, दुसरा व्हर्जिलच्या काव्यातला मेंढपाळ, तिसरा चक्क आपला कृष्ण आणि चौथा एका फ्रेंच कादंबरीतला. प्रत्येक तुकडा एकेका वादकाला अर्पण केला. 'कृष्ण' मिळाला लुई फ्लरीला. अकरा वर्षांपूर्वी पडद्याआडून पॅन होऊन मेलेला माणूस! कृष्णाच्या या तुकड्यात श्री रागाच्या स्वरांची छाया आहे.

आणि देबुसी? त्याच्या कानावरून आपलं संगीत गेलं होतं. बडोद्याचे इनायत खाँ १९१० साली मुंबईहून भावंडांसह परदेशी निघाले, ते पुढे पॅरिसमध्ये असताना १९१३ च्या सुमारास देबुसीला भेटले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे हे नातू. वीणा वाजवली, राग ऐकवले. लगेच कुणी म्हणेल, म्हणजे 'सिरिंक्स' आपल्याकडूनच गेलं! मला ही घाई पटत नाही. वेटोळं घेत उतरणारी बासरी त्याने १८९४ सालीच लिहून ठेवली होती.

पुढच्यांनी या वाटेवर बरंच लांबचं गाठलं. जपानच्या तोरू ताकेमित्सू यांनी १९७१ साली 'व्हॉइस' लिहिलं. त्यात वादकाने बासरीच्या तोंडाशी एका जपानी कवीचे शब्द उच्चारायचे असतात, फुंकर आणि बोल एकमेकांत मिसळतात. फिनलंडच्या काइया सारिआहो १९८२ पासून पॅरिसलाच राहिल्या, २०२३ साली इथेच वारल्या. त्यांची १९८२ सालची 'लाकोनिस्म द लेल' ही रचना सुरू होते ती बोलण्याने. सें-जॉन पर्स या नोबेलविजेत्या कवीच्या पक्ष्यांवरच्या कवितेतल्या ओळी वादक म्हणू लागतो, शब्दांचा श्वास होतो, श्वासाचा स्वर. पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं, कबूल करते. दुसऱ्यांदा नाही आलं. देबुसीच्या वेळी शब्द नटांच्या तोंडी होते, आता ते वादकाच्याच तोंडी आले आहेत.

अंधार पडायच्या आत पासीच्या स्मशानभूमीत पोचले. ती त्रोकादेरोजवळच आहे आणि तिथून टॉवर दुसऱ्यांदा दिसला, या वेळी भलामोठा. देबुसी २५ मार्च १९१८ रोजी गेला तेव्हा पॅरिसवर जर्मन तोफांचे गोळे पडत होते. आधी दुसरीकडे पुरलं, मागाहून इथे आणलं. त्याची लाडकी लेक शूशू पुढच्याच वर्षी घटसर्पाने गेली. वय वर्षं तेरा. तीही इथेच आहे. मी फार वेळ थांबले नाही.

काळी एक

इंदूरला गेले ते दिवाळीत. फराळ झाल्यावर बाबांना मोबाइलवर 'सिरिंक्स' ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." मग उठले, कपाटातून इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. चार वर्षांची धूळ फडक्याने पुसली आणि खुंट्या फिरवत बसले. पांढरी एकपासून सुरुवात. तीन मिनिटांचा तो तुकडा आम्ही सात-आठ वेळा लावला असेल. आई दोनदा दारात येऊन गेली.

"बेटा, मिळाला," ते एकदम म्हणाले. "काळी एक."

मग मला समजावून सांगितलं. "सुरुवात करतो ती धैवतावर. सा दाखवतच नाही. इकडे तिकडे फिरतो, मधेच वाटतं आता येणार, तर भलतीकडेच जातो. आणि शेवटी बघ." त्यांनी हवेत बोटं धरली, बासरीवर धरावीत तशी. "कोमल नी, कोमल ध, तीव्र म, ग, रे, आणि हा सा. अगदी खालचा. सगळ्या पायऱ्या सारख्या अंतराच्या, म्हणून पाय कुठे टेकतोय ते शेवटपर्यंत कळत नाही."

मी पॅरिसचं घर, बेडूक, फाटक सगळं सांगितलं. हं हं करत ऐकलं. मग तानपुरा चालू ठेवून मी पुन्हा एकदा बासरी लावली. मध्यावर आलो तशी त्यांनी हात लांबवून तानपुरा बंद केला.

"नको. याला नको."

बासरी एकटीच चालली. शेवटचा सा लांबत लांबत विरला. बाबांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला आणि रेघ मागे कशी न्यायची ते माझ्याकडून शिकून घेतलं. शेवटची पाव मिनिट पुन्हा लावली. त्यांची मान खाली होती आणि ओठ किंचित पुढे आले होते.

"श्वास कुठे घेतो हा?" ते म्हणाले. "नीट ऐक. एक इथे घेतो. दुसरा मला सापडत नाहीये."